कोयनेच्या डोहात कॅमेरा सोडला तर मासा दिसेल का?

प्रश्न : मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. परदेशातला एक माणूस दोरीला छोटा कॅमेरा बांधून पाण्यात सोडतो, हातातल्या पडद्यावर मासे दिसतात आणि तिथेच गळ टाकून तो मासा वर काढतो. आमच्या पाटणला कोयनेच्या डोहात, केऱ्याच्या पात्रात किंवा वर शिवसागरात असं करता येईल का? मासा डोळ्यांना दिसला म्हणजे तो धरायला सोपा जातो का? मुलगा दिवाळीला पुण्याहून तसला कॅमेरा आणतो म्हणतोय. आणू द्यावा का?
– एक वाचक, पाटण तालुका (जि. सातारा)

उत्तर : आधी निकाल सांगतो, मग कारणं. मासा दिसेल, पण वर्षातले तीन-चार महिनेच, आणि तोही बहुधा दोन-चार हातांवरचा. तो धरायला कॅमेऱ्याची मदत तुम्हाला वाटते त्याहून पुष्कळ कमी होईल. मात्र गळाला काहीच का लागत नाही, हे कोडं सुटायला त्याच्याइतकं चांगलं साधन दुसरं नाही. आणि शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, नाव यादीतून आत्ताच खोडा. त्याचं कारण पाण्याशी नाही, कायद्याशी निगडित आहे. ते पुढे येईल.

तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओत आजूबाजूला बर्फ होता का, ते पुन्हा एकदा पाहा. मासेमारीसाठी दुकानात विकत मिळणारे हे कॅमेरे 1990 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रुजले. तिथली तळी हिवाळ्यात गोठतात. लोक बर्फाला भोक पाडून, शेजारी स्टूल टाकून, भोकातून गळ सोडून बसतात. या धंद्याला जे जे हवं ते सगळं तिथे आयतं असतं. वरून बर्फाचं झाकण असल्यामुळे वाऱ्याने पाणी हलत नाही, थंडीमुळे शेवाळ वाढत नाही, गाळ तळाशी बसलेला असतो आणि कॅमेरा सरळ खाली लोंबतो. आपली कोयना यातल्या एकाही अटीत बसत नाही. यंत्र तेच असलं तरी पाणी बदललं की त्याची करामत बदलते.

पाण्याखाली चित्र टिपण्याची हौस मात्र याहून जुनी आहे. फ्रान्सच्या किनाऱ्यावर लुई बूताँ या प्राणिशास्त्रज्ञाने 1893 मध्ये समुद्रात उतरून छायाचित्रं घेतली. त्याचीही मुख्य झुंज माशांशी नव्हती, उजेडाशी होती.

उजेडाचं गणित एकदा कळलं की निम्मा प्रश्न सुटतो. हवेत उजेड मैलोन् मैल जातो. पाणी त्याला गिळतं, आणि रंगांचा क्रम लावून गिळतं. पहिला बळी तांबड्याचा. अगदी स्वच्छ पाण्यातही पाच मीटर खाली गेल्यावर लाल उजेडाचा जेमतेम विसावा भाग उरतो. मग नारिंगी, मग पिवळा. निळा सर्वांत खोल पोचतो. म्हणून खोलातला लालसर कल्ल्यांचा मासाही पडद्यावर राखाडी-हिरवा दिसतो. हे झालं निर्मळ पाण्याचं. नदीच्या पाण्यात मातीचे कण आणि सूक्ष्म शेवाळ तरंगत असतात. ते उजेड नुसता अडवत नाहीत, चहूकडे उधळतात. अशा पाण्यात कॅमेऱ्याचा पांढरा दिवा लावणं म्हणजे धुक्यात गाडीचा मोठा दिवा लावण्यासारखं आहे. समोर पांढरी भिंत उभी राहते. सगळ्यांच्या हातून पहिल्याच दिवशी होते ती चूक हीच. चित्र अंधुक दिसलं की माणूस दिवा वाढवतो आणि चित्र आणखी बिघडतं.

कॅमेरा घेण्याआधी फुकटात एक परीक्षा करून बघा. इटलीतले धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी 1865 मध्ये पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात एक पांढरी तबकडी दोरीने सोडली आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजलं. ती तबकडी आज जगभर वापरतात. गोड्या पाण्यासाठीच्या तबकडीवर काळे-पांढरे चतकोर असतात. घरातली जुनी स्टीलची ताटली घ्या, तिला तसे चतकोर रंगवा, खाली दगडाचं वजन बांधा आणि दोरीला अर्ध्या-अर्ध्या फुटावर गाठी मारा. भर दुपारी सावलीच्या बाजूने सोडा. ताटली दोन फुटांच्या आत दिसेनाशी झाली, तर तिथे कॅमेरा सोडणं म्हणजे बॅटरी जाळणं. पाच-सहा फुटांपर्यंत दिसत राहिली, तर प्रयोगाला अर्थ आहे.

आता यातली गंमत पाहा. शेततळ्यात मासे पाळणाऱ्याला हीच तबकडी उलटं सांगते. मत्स्यपालनाच्या प्रशिक्षणात शिकवतात की पारदर्शकता साधारण 30 ते 40 सेंटिमीटर असेल तर तळं चांगलं, कारण पाणी हिरवट असलं म्हणजे त्यात प्लवक आहे, आणि प्लवक आहे म्हणजे कटला-रोहूच्या पोटाची सोय आहे. नितळ, काचेसारखं पाणी बहुधा उपाशी पाणी असतं. म्हणजे जिथे मासा पोसतो तिथे कॅमेरा आंधळा, आणि जिथे कॅमेऱ्याला स्वच्छ दिसतं तिथे दाखवायला मासा थोडा. जाहिरात करणारे हे सांगत नाहीत, कारण त्यांचे व्हिडिओ निवडक पाण्यात घेतलेले असतात.

पाटणपुरतं बोलायचं तर वर्षाचा हिशेब असा मांडता येईल. जून ते सप्टेंबर विसरून जा. डोंगरउतारावरची तांबडी माती ओढ्या-नाल्यांतून केऱ्यात, मोरणेत आणि कोयनेत उतरते. त्यात कोयना धरणाचे सहा वक्र दरवाजे उघडले की मूळगावचा पूल पाण्याखाली जातो. त्या पाण्यात कॅमेराच काय, माणसानेही जाऊ नये. पुरातल्या गढूळ पाण्यापुढे साधनं किती हतबल होतात ते 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा पूल कोसळला तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. वाहून गेलेल्या एसटी बसेस शोधायला नौदलाचे पाणबुडे होते, तरी क्रेनला अवजड लोहचुंबक बांधून पात्र चाचपावं लागलं.

दिवाळीनंतर पाणी निवळतं. दिवाळी ते शिमगा हा तुमचा हंगाम. धरणाच्या वरच्या पाण्यातला गाळ जलाशयातच बसतो, त्यामुळे खाली येणारं पाणी त्यातल्या त्यात नितळ असतं. पुढे उन्हाळ्यात लहान नद्यांचे डोह आटत जातात, उरल्या पाण्यावर हिरवी साय येते आणि कॅमेऱ्याचा पडदाही हिरवा होतो. कोयना मात्र आटत नाही, आणि याचं कारण सांगलीकडे आहे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांसाठी आणि नदीकाठच्या शेतीसाठी धरणातून पाणी सोडत राहतात. हे पाणी पायथा वीजगृहातून येतं. तिथे 20 मेगावॅटचे दोन संच आहेत. एक चालू असेल तर 1050 क्युसेक, दोन्ही चालू असतील तर 2100 क्युसेक पाणी नदीत येतं, हे आकडे तुम्हाला वर्तमानपत्रांतून पाठ असतील. दुसरा संच सुरू झाला की पात्रातली धार वाढते. दोरीने सोडलेला कॅमेरा तेव्हा सरळ लोंबत नाही, पतंगासारखा मागे जाऊन वर येतो किंवा खडकाच्या कपारीत अडकतो. तो सोडवायला पाण्यात उतरणारा माणूस हा या छंदातला सर्वांत मोठा धोका आहे. म्हणून दोरी नको, बांबू वापरा. लांब बांबूच्या टोकाला कॅमेरा घट्ट आवळा, बांबू तळात रोवा आणि तुम्ही काठावर बसा. काठावरून पोचत नसेल तर तो डोह सोडून द्या.

कॅमेरा कोणता? बाजारात ढोबळ तीन तऱ्हा आहेत. पहिली, मोबाईलला जोडायची बारीक नळीसारखी केबल, टोकाला हरभऱ्याएवढा कॅमेरा आणि भोवती इवले दिवे. हजार-दीड हजारांत मिळतो. तो मुळात इंजिन नाहीतर नळ-पाइप आतून तपासायला बनवलेला असतो. त्याला बोटभर ते वीतभर अंतरावरचंच स्पष्ट दिसतं. मासा बिचारा तेवढ्या जवळ कशाला येईल? शिवाय खोक्यावर आयपी 67 असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, एवढाच. पाच मीटर केबल दिली म्हणून पाच मीटर खोल सोडला तर आत पाणी शिरणार. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. पाच मीटरवरचा त्याच्या निम्मा दाबही आतल्या रबरी वायसरला हार मानायला पुरेसा आहे. मुलगा आणणार आहे तो कॅमेरा बहुधा हाच असेल, तेव्हा आधी विचारून घ्या.

दुसरी तऱ्हा म्हणजे दुचाकीवाले हेल्मेटला लावतात तो ॲक्शन कॅमेरा, पाणबंद डबीत घालून. चित्र उत्तम येतं, पण पाण्यात असताना मोबाईलवर दिसत नाही. वाय-फायच्या लहरी पाण्यात वीत-दोन वितींतच विरतात, कारण पाणी त्या शोषून घेतं. म्हणजे आधी टिपायचं आणि घरी जाऊन बघायचं. मला स्वतःला हीच तऱ्हा पसंत आहे, कारण तिला घाई नाही आणि कुटुंबासह बघता येतं. तिसरी तऱ्हा खास मासेमारीसाठी बनवलेली, जाड केबल आणि उन्हातही दिसणारा पडदा असलेली. ती महाग असते, आणि आपल्याकडच्या चार महिन्यांच्या हंगामासाठी तेवढे पैसे घालावेत असं मला वाटत नाही.

एक सावधगिरी पडद्याबाबत. सपाट काचेमागून पाण्यात पाहिलं की वस्तू सुमारे एक-चतुर्थांश जवळ आणि एक-तृतीयांश मोठी भासते. पाण्यात किरण वाकतात त्याचा हा परिणाम. मासेमारांच्या गप्पांत मासा मोठा का होतो, त्याला आता शास्त्राचाही आधार मिळाला म्हणायचा!

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे. मासा दिसला म्हणजे धरता येतो का?

गळ टाकून बसणाऱ्याची समजूत अशी असते की बुच हललं तर मासा आला, नाही हललं तर मासाच नाही. कॅमेऱ्याने जगभर ही समजूत मोडीत काढली आहे. आपल्याकडे गळाला येणारे रोहू, कटला, मृगळ हे सगळे कार्प कुळातले. यांच्या जबड्यात दात नसतात. दात असतात ते घशात. त्यामुळे हे मासे चावत नाहीत, ओढून घेतात. तोंड पुढे काढून कणकेची गोळी पाण्यासकट आत खेचायची, ओठांवर आणि तोंडात असलेल्या रुचिकलिकांनी पारखायची आणि काही टोचलं की तितक्याच झटक्यात बाहेर फुंकायची. हा सारा कारभार क्षणभरात होतो. दोरा सैल असेल किंवा बुच जड असेल तर वर काहीच कळत नाही. खाली मासा येऊन गेला, गोळी तोंडात घेऊन गेला, टाकूनही गेला, आणि वर आपण विडी पेटवतोय.

हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की माणूस आपली हत्यारं बदलतो. गोळी लहान होते, गळ बारीक येतो, शिसं आणि गळ यांमधलं अंतर कमी होतं, बुच हलकं होतं. कॅमेऱ्याचा खरा नफा इथे आहे. कॅमेरा आमिषापासून दोन-तीन हातांवर, सूर्याकडे पाठ करून ठेवा आणि तळ ढवळला असेल तर गाळ बसेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं थांबा. कोणत्या थरात बघायचं हेही माशाच्या तोंडावरून ठरतं. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, तो वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. तळाला कॅमेरा लावून कटल्याची वाट पाहत बसलात तर संध्याकाळ होईल.

आणखी एक अडचण आहे, ती टाळता येत नाही. मासा खातो सकाळी लवकर आणि दिवस कलल्यावर. कॅमेऱ्याला उजेड लागतो तो दहा ते दोनमधला. भर दुपारी कॅमेरा मासा दाखवेल, पण तो दगडाआड सुस्त पडलेला असेल. नाकासमोर गांडूळ नाचवलं तरी ढिम्म हलणार नाही. दिसणं आणि लागणं यांची वेळच जुळत नाही.

रात्री काय? शिंगाळ्यासारखे मिशाळ मासे आणि वाम रात्रीच बाहेर पडतात. काही कॅमेऱ्यांना इन्फ्रारेड दिवे असतात. तो उजेड बहुतेक माशांना दिसत नाही, म्हणून ते बुजत नाहीत. पण मघाशी सांगितलेला नियम आठवा, पाणी तांबड्याला आधी गिळतं. इन्फ्रारेड तर तांबड्याच्याही पलीकडचा. स्वच्छ पाण्यातही तो मीटरभरात जवळपास संपतो. तेव्हा अगदी आमिषाला खेटून बसलेली वाम दिसेल. डोहाचा तळ दिसेल अशी आशा धरू नका.

गढूळ पाण्यात उपयोगी पडतो तो कान. रत्नागिरी-रायगडकडच्या ट्रॉलरवर ‘फिश फाइंडर’ असतो, तो ध्वनीवर चालतो. ध्वनी पाण्यात सेकंदाला सुमारे 1500 मीटर धावतो आणि गाळाची त्याला फारशी पर्वा नसते. खोली किती, तळ खडकाचा की चिखलाचा, मध्ये थवा आहे का, हे तो सांगतो. कोणता मासा हे सांगत नाही. नदीतल्या पुरुषभर डोहासाठी तेही यंत्र म्हणजे चैनच. ज्या भोई मंडळींच्या दोन पिढ्या त्या पात्रावर गेल्या आहेत, त्यांच्याजवळ बसून एक चहा घेतलात तर डोहाचा तळ त्याहून बारकाईने कळेल.

या मंडळींना मात्र कॅमेऱ्याचा एक वेगळा उपयोग आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत सरळ. जलाशयात पिंजरे लावून मासे पाळतात. त्या पिंजऱ्याचं जाळं खाली फाटलं तर वरून कळत नाही. कळतं तेव्हा मासे निघून गेलेले असतात. दर आठवड्याला बांबूला कॅमेरा लावून चारी बाजू आणि तळ फिरून पाहिला तर फाटलेलं जाळं, मेलेले मासे, न खाल्लेलं खाद्य सगळं दिसतं. तिथे मीटरभर दिसलं तरी पुरतं. खडकात अडकलेलं जाळं सोडवण्याआधी ते नेमकं कुठे गुंतलंय हे पाहायलाही तो कामाचा.

आता कायदा. शिवसागर जलाशयाचा परिसर कोयना अभयारण्यात येतो. अभयारण्याची घोषणा 1985 ची. 2010 पासून ते चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्याखाली अभयारण्यात शिरायला आणि छायाचित्रणालाही वन्यजीव विभागाची परवानगी लागते. शिवाय धरणाच्या भिंतीजवळचा भाग सुरक्षेसाठी प्रतिबंधित. तिथे केबल आणि पडदा घेऊन बसलात तर मासा राहील बाजूला, आधी पोलिसांना उत्तरं द्यावी लागतील. धरणाखालची नदी आणि तालुक्यातले इतर तलाव यांची गोष्ट वेगळी, पण तलावांचा मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्यांनी पैसे भरून बीज सोडलेलं असतं. छंद म्हणून गळ टाकायचा तरी त्यांना विचारूनच टाकावा. जिलेटिनचे बार उडवणं आणि पाण्यात विष कालवणं यांवर तर 1897 च्या इंग्रजी अमदानीतल्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. कॅमेऱ्यात थवा दिसला म्हणून कुणाच्या डोक्यात भलतं येऊ नये, यासाठी हे लिहितोय.

कॅमेऱ्यात एखादी गोष्ट अशी दिसेल की तिथून गळ काढून घ्यावा. उथळ पाण्यात तळाशी ताटलीसारखे गोल खळगे दिसले तर ती चिलापीची घरटी. नर तिथे पहारा देतो. 1952 मध्ये बाहेरून आणलेला हा मासा आता सगळीकडे माजला आहे, त्याची फार काळजी नको. पण पृष्ठभागालगत तांबूस पिल्लांचा गोळा आणि त्याखाली घिरट्या घालणारी मरळ दिसली, तर तिला सोडा. त्या वेळी ती अन्नासाठी नाही, पिल्लांच्या रागाने आमिषावर झडप घालते. आई-बाप काढले की पिल्लांचा तासाभरात फडशा पडतो.

आणि नुसते मासे पाहायचेच असतील, धरायचे नसतील, तर कॅमेऱ्यावाचूनही सोय आहे. महाड तालुक्यात वाळण कोंडीवर देवीच्या नावाने राखलेले महसीर आहेत. वाडा तालुक्यात तिळसे इथे वैतरणेच्या डोहातले मासे देवाचे म्हणून कुणी धरत नाही. चुरमुरे टाकले की ते पायाशी येतात. समुद्रातलं पाहायचं तर थंडीत मालवणला जा. पाणी नितळ असतं आणि तोंडाला काच लावून पोहता येतं.

तेव्हा मुलाला सांगा : केबलवाला स्वस्त कॅमेरा आणू नकोस. मित्राकडे ॲक्शन कॅमेरा असेल तर चार दिवस उसना आण, पाणबंद डबीसकट. ताटलीची परीक्षा आधी करा, बांबू तोडून ठेवा, आणि पायथा वीजगृहाचा विसर्ग त्या दिवशी किती आहे हे विचारल्याशिवाय पात्रात पाय घालू नका. पाणी सोडण्याचा भोंगा वाजला तर कॅमेरा तिथेच टाकून काठावर या.